उभी होडी

१८ ऑक्टोबर, रविवार

दुपारच्या बोटीने बेटावर उतरलो. समुद्र परातीतल्या पाण्यासारखा स्थिर होता, ऊनही छान पडलं होतं. धक्क्यावर गोइचि घ्यायला आला होता. माझ्या मुलाच्या, कोहेईच्या, होडीशेजारी याची होडी असते. माझ्या हातातली बॅग त्याने ओढूनच घेतली आणि म्हणाला की मास्तर, कोहेई सांगायचा तसे तुम्ही काही वाघ दिसत नाही, चांगले मांजर दिसता. मी हसलो. सप्टेंबरनंतर पहिल्यांदाच हसलो असेन.

बंदरातून दगडी पायऱ्या चढून वर आलं की पहिलंच घर कोहेईचं. एकट्या पोराचं घर म्हणजे पसारा असेल असं वाटलं होतं, पण सगळं जागच्या जागी होतं. भांडी पालथी घातलेली, हत्यारं लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने टांगलेली. ती सवय माझी. शेजारच्या तात्सु आजीने दार उघडून झाडलोट करून ठेवली होती. आजी ऐंशीच्या पुढची आहे, तरुणपणी बुडी मारून शंख काढायची. गरम भात, शेवाळाचं सूप आणि भाजलेला माकूल घेऊन आली. एवढं कसं संपणार म्हटलं तर म्हणाली, खा मुकाट्याने, वाळक्या माणसाला इथला वारा उडवून नेतो, मग आम्ही शोधत बसायचं.

उजेड होता तोवर होडी बघून आलो. लहान, पांढरी, फायबरची. कडेने कोहेईने निळा पट्टा ओढला आहे. मागे दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक इंजिन अडकवलेलं. दुसऱ्या झटक्याला सुरू झालं. रेस वाढवली की आवाज स्वच्छ. रेस सोडून न्यूट्रलवर ठेवलं की मात्र अडखळायला लागतं. तीन-चार ठोके बरोबर, मग एक गिळल्यासारखा, मग सगळं इंजिन थरथरतं आणि बंद पडतं.

औद्योगिक शाळेत मी आयुष्यभर मुलांना इंजिनं शिकवली. हे दुखणं मला समजण्यातलं आहे. खरं सांगायचं तर बरं वाटलं. हातांना काम मिळालं.

१९ ऑक्टोबर, सोमवार

इथे कशासाठी आलो ते एकदा नीट लिहून ठेवतो.

कोहेई बारा सप्टेंबरला कुरोसेच्या खडकांकडे शंख काढायला गेला. होडी सापडली तेव्हा ती खडकांपासून थोडी दूर उभी होती. इंजिन न्यूट्रलमध्ये चालू होतं आणि आत कोणी नव्हतं. ज्या काचेच्या तळाच्या पेटीतून वाकून समुद्राचा तळ बघतात, ती पेटी बाजूला तरंगत होती. बेटावरच्या सगळ्या होड्यांनी आठवडाभर शोधलं. काही मिळालं नाही.

तीस तारखेला एकोणपन्नासावा दिवस, गेलेल्याला शेवटचा निरोप द्यायचा. त्याची आई, सुमिए, त्या सकाळच्या बोटीने येईल. तिला कोहेईच्याच होडीतून कुरोसेला जायचं आहे. दुसऱ्या कुणाच्या होडीत पाय ठेवणार नाही, असं तिने मला निघताना बजावलं. फुलं, भात आणि थोडी साके, तांदळाची दारू, सोडायची आणि परत यायचं, एवढंच. पण तिथे प्रवाहाला फार ओढ आहे. फुलं सोडायला होडी थांबवावी लागणार, आणि थांबवल्यावर इंजिन बंद पडलं तर होडी खडकावर आपटायला वेळ लागणार नाही. म्हणजे इंजिन न्यूट्रलवर नीट चाललंच पाहिजे.

आज टाकी रिकामी केली. पेट्रोल महिनाभर पडून होतं, वास बदलला होता. नवीन पेट्रोलात ऑइल मोजून घातलं. स्पार्क प्लग काढले. वरच्या सिलिंडरचा कोरडा, विटकरी रंगाचा, हवा तसा. खालचा काळा आणि ओला. दोन्ही साफ करून, फट जुळवून बसवले. बराच वेळ न्यूट्रलवर चालवून बघितलं. फरक नाही.

मी काम करत असताना गोइचि धक्क्यावर आला. इंजिनाचा आवाज ऐकून थबकला, डोक्यावरची टोपी काढली आणि होडीकडे बघून वाकला. मग मला म्हणाला की दोरखंड, ऑइल, काय लागेल ते सांगा, आम्ही कोणी मध्ये येणार नाही. भला माणूस आहे. आपल्या कामात दुसऱ्याने नाक खुपसलेलं मलाही आवडत नाही.

२० ऑक्टोबर, मंगळवार

सकाळी गोइचिची होडी जागेवर नव्हती. त्याने ती धक्क्याच्या पलीकडच्या टोकाला नेऊन बांधली आहे. बाकीच्यांनीही नेल्या आहेत. मला हात-पाय पसरून काम करता यावं म्हणून असेल.

आज इंजिन चालू ठेवून एकेका प्लगची वायर काढून बघितली. वरची काढली की इंजिन जागच्या जागी मरतं. खालची काढली तर काही बदल नाही. म्हणजे रेस कमी असताना खालचं सिलिंडर काम करतच नाही, नुसतं ओढलं जातं. वर्गात मी मुलांना सांगायचो की दोघांत एक जण काम करतो आणि दुसरा नुसता बरोबर चालतो, तेव्हा घर असं थरथरतं.

कार्ब्युरेटर उघडला. कमी रेसच्या जेटमध्ये थोडा हिरवट गाळ होता. तारेने नाही, फुंकून आणि पेट्रोलाने धुऊन काढला. तारेने भोक मोठं होतं. पुन्हा बसवून चालवलं. पाच-सात मिनिटं अगदी घड्याळासारखं चाललं. मी डबा उघडून जेवायला बसलो. पहिला घास घेतला तोच पुन्हा अडखळायला लागलं.

इथले लोक काटकसरी आहेत. इंजिन एक क्षण उगाच चालू ठेवत नाहीत. सुरू केलं की लगेच निघतात आणि येताना बंदराच्या तोंडाशीच बंद करून वल्ही मारत आत येतात.

तात्सु आजीने रात्रीचं जेवण पाठवलं. भाताचे दोन वाडगे, दोन मासे, चॉपस्टिकच्या दोन जोड्या. म्हातारीला वाटतं मी पोटभर खात नाही.

२१ ऑक्टोबर, बुधवार

प्लग खालीवर केले. दोष हलला नाही. कॉइल अदलाबदल केली. तरी खालचंच सिलिंडर. प्लगच्या भोकावर अंगठा धरून दोरी ओढली. दोन्हीकडे दाब सारखा, अंगठा फेकून देतो. इंधनाची नळी नवी घातली. सांध्यांना साबणाचं पाणी लावलं, हवा कुठे शिरत नाही. एकेक गोष्ट वगळत गेलं की शेवटी उरतो तो दोष, असं मीच शिकवत आलो. आज सगळं वगळून झालं आणि काही उरलं नाही.

दिवसभर इंजिन न्यूट्रलवर चालू होतं. बंद पडलं की पुन्हा सुरू करायचो. बंदराकडच्या घरांच्या खिडक्यांची फळकुटं भर दुपारी लावलेली होती. ऊन तर फार नव्हतं.

अडखळण्याला एक लय आहे. तीन ठोके आणि एक गिळलेला. ऐकत राहिलं की वाटतं, कोणीतरी दम खात पोहतंय.

हे वाक्य उगाच लिहिलं. असो.

२२ ऑक्टोबर, गुरुवार

इंजिन होडीवरून काढून पाण्याच्या पिंपात चालवून बघायचं ठरवलं. मला एकट्याला उचलेना, म्हणून गोइचिला बोलावलं. तो विचित्र नजरेने बघत राहिला. म्हणाला की मास्तर, पिंपात चालवून काय उपयोग? आवाज जाणार कुठे? मी म्हटलं, माझ्या कानापर्यंत आला तरी पुरे. त्यावर त्याने खाली बघितलं, एक बाजू उचलली आणि म्हणाला, बरोबर आहे, बापाचं मन.

पिंपात इंजिन उत्तम चाललं. एक ठोका चुकला नाही. वरची वायर काढली, खालच्यावर चाललं. खालची काढली, वरच्यावर चाललं. अर्धा तास ऐकत बसलो. इंजिनात काही दोष नाही.

संध्याकाळी पुन्हा होडीवर चढवलं. पहिल्यांदा ठीक. मग अडखळलं. मग बंद.

दोष फक्त होडीवर असताना येतो.

२३ ऑक्टोबर, शुक्रवार

सापडलं. फार सोपं होतं, मी उगाच इंजिनाच्या आत शोधत बसलो.

या इंजिनांचा मुख्य धूर पंख्यातून पाण्याखाली बाहेर पडतो. पण रेस कमी असताना धुराला पाणी ढकलायची ताकद नसते, म्हणून मागच्या बाजूला, पाण्याच्या वर, एक लहान भोक ठेवलेलं असतं. ते भोक बुडलं तर धूर कोंडतो, इंजिनाला श्वास घेता येत नाही आणि ते अडखळतं. आज पोटावर पालथा पडून बघितलं, तर भोक पाण्याखाली होतं. पिंपात पाणी कमी होतं, म्हणून तिथे चाललं.

म्हणजे होडी मागच्या बाजूने जास्त बुडते आहे. दुहेरी तळात पाणी शिरलं असेल. तळाचं बूच काढलं. कोरडा. मागच्या कप्प्यात काही जड सामान असेल म्हणून तोही रिकामा केला. एक नांगर, दोन दोरखंड, एक फाटका रेनकोट. रेनकोट आत आणून ठेवला.

निळ्या पट्ट्याखाली पाणी जिथे टेकतं तिथे खडूने रेघ मारली. इंजिन बंद असताना भोक रेघेच्या बरंच वर, कोरडं. इंजिन न्यूट्रलवर चालू केलं, मी स्वतः धक्क्यावर उतरून उभा राहिलो. होडीत कोणी नाही. आधी काही झालं नाही. मग होडी मागून हळूच खाली बसली. कोणीतरी कडेला दोन्ही हातांनी धरून लटकावं तशी. रेघ बुडली, भोक बुडलं, आणि इंजिन अडखळायला लागलं.

मी वाकून दोन्ही बाजूंनी बघितलं. पाणी स्वच्छ होतं. तळाचे दगड दिसत होते.

इंजिन बंद पडल्यावर थोड्या वेळाने होडी वर आली.

२४ ऑक्टोबर, शनिवार

प्रवाह, भरती, दोरीचा ताण — तिन्ही तपासले. भरती संपायच्या वेळी, चारही दोऱ्या सैल सोडून, पुन्हा चालवून बघितलं. तेच.

मग वाळूची पोती भरली. इंजिन बंद ठेवून ती एकेक करून मागच्या बाजूला ठेवत गेलो, कालच्याइतकं भोक बुडेपर्यंत. मग पोती तात्सु आजीच्या काट्यावर नेऊन तोलली. आजी काठी टेकून बघत होती. काही विचारलं नाही. माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, आला ना? मला वाटलं, काट्याचा आकडा आला का असं विचारते आहे. मी हो म्हटलं. तिचे डोळे भरून आले.

आकडा इथे लिहिला होता. खोडून टाकला. एका धडधाकट तरुण माणसाचं वजन आहे.

सुमिएला अजून काही सांगितलेलं नाही.

२५ ऑक्टोबर, रविवार

आज गोइचिला म्हटलं की जरा होडीत पुढे बसतोस का, म्हणजे मागचा भाग वर राहील आणि मला बघता येईल. तो दोन पावलं मागे सरला. म्हणाला की मास्तर, रागावू नका, पण तुम्ही पोरासाठी उभी केलेली होडी, तिच्यात मी कसा पाय ठेवू?

मी म्हटलं, काय उभी केली? मी इंजिन दुरुस्त करतो आहे.

तो धक्क्यावर मटकन खालीच बसला. मग म्हणाला, आईशप्पथ, मास्तर, म्हणजे तुम्हाला ठाऊकच नव्हतं?

त्याने सांगितलं ते असं. बेटावर कोणी पाण्यात पडलं की होडी तिथेच न्यूट्रलवर उभी ठेवतात, पडलेल्याने आवाजाच्या रोखाने पोहत यावं म्हणून. इथे जन्मलेल्या प्रत्येकाला लहानपणीच सांगितलेलं असतं की पडलास तर डोळे मीट आणि उभ्या इंजिनाकडे ये. शोध संपला की सगळ्या होड्या एका रांगेत येतात आणि एकदम इंजिनं बंद करतात. मग एकोणपन्नासाव्या दिवसापर्यंत कोणी होडी उभी ठेवत नाही. सुरू केलं की निघायचं, आलं की लांबूनच बंद करायचं. कारण आवाज गेला की ऐकणारा येतो. आई, बाप, नवरा, बायको यांना मात्र मोकळीक असते. त्यांनी उभी केली तर त्यांना कोणी अडवायचं नाही, विचारायचं नाही, बघायचंही नाही. सगळ्यांना वाटलं की कोहेईने मला सांगून ठेवलं असेल. बाप सकाळ-संध्याकाळ हाक मारतोय, मारू दे.

म्हणून खिडक्या बंद होत्या. म्हणून दोन वाडगे.

मी म्हटलं की मी शिकलेला माणूस आहे. गोइचि म्हणाला, ते आम्हाला दिसतंच आहे, पण होडी खाली बसली आहे तीही दिसते आहे.

तात्सु आजीकडे गेलो. तिचा नवराही कुरोसेलाच गेला. ती म्हणाली, मी नाही केली उभी. आठ वर्षं झाली होती लग्नाला, जीव तुटत होता, पण नाही केली. कुरोसेला माझा नवरा एकटा नाही ना, मास्तर. आवाज काय एकट्यालाच ऐकू जातो?

थांबवायचं कसं, तेही तिने सांगितलं. ज्याने उभी केली त्यानेच इंजिन बंद करायचं, आणि बंद करताना मोठ्याने म्हणायचं की आता आम्ही वाट बघत नाही. नुसतं बंद करून भागत नाही. ते वाक्य त्याला ऐकू गेलं पाहिजे. आणि ते एकोणपन्नासाव्या दिवसाच्या आत.

२६ ऑक्टोबर, सोमवार

होडीवर गेलो नाही. वरून बघितलं. इंजिन बंद आहे. तरी होडी मागून खालीच आहे. आता वर येत नाही.

दुपारी गेलोच. वाक्य म्हणायचं तर इंजिन चालू करून बंद करावं लागणार, म्हणून सुरू केलं. न्यूट्रलवर ठेवलं. तीन ठोके, एक गिळलेला. बंद करायच्या लाल बटणावर अंगठा ठेवला. तोंड उघडलं.

म्हणता आलं नाही.

लहानपणी तो शाळेतून यायला उशीर करायचा तेव्हा मी फाटकाशी उभा राहायचो आणि तो दिसला की लगेच आत जायचो. वाट बघत होतो हे त्याला कळू नये म्हणून. तेव्हा कधी न म्हटलेलं तेच वाक्य आता उलटं करून, मोठ्याने —

इंजिन आपोआप बंद पडलं. खडूची रेघ आता कुठेच दिसत नाही. कालच्यापेक्षा तीन बोटं तरी खाली. परवाच्या पोत्यांच्या आकड्यावरून हिशोब केला. एका माणसाचं वजन नाही.

दोघांचं.

२७ ऑक्टोबर, मंगळवार

सुमिएला फोन केला. म्हटलं की हवा बिघडणार आहे, येऊ नकोस, मीच परत येतो. तिने कारण विचारलं. मला खोटं बोलता येत नाही, तिला ते ठाऊक आहे. मी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाली, तो आवाज कसला? त्याच्याच होडीचा ना?

काल बंद पडलेलं इंजिन. खिडकीतून ऐकू येत होतं.

ती म्हणाली, अहो, बंद करू नका. मी येईपर्यंत बंद करू नका.

फोन ठेवून धावत खाली गेलो. इंजिन बंद होतं. हात लावला तर गरम.

आता एवढंच आहे. सुमिए आली तर ती होडीत बसेल. मी धरून ठेवलं तरी बसेल. मी तिला ओळखतो. ती यायच्या आत मला ते वाक्य म्हणायला हवं.

२८ ऑक्टोबर, बुधवार

गोइचि बरोबर आला, पायऱ्यांपर्यंत. खाली उतरला नाही. ओरडून सांगत होता की मास्तर, म्हणा आणि या, एक वाक्य तर आहे, वर्गात दिवसभर बोलत होतात की. हसवायचा प्रयत्न करत होता.

इंजिन सुरू केलं.

होडी इतकी खाली की मागच्या कडेवरून पाणी आत येत होतं. कडेवर ओल होती. चार-चार बोटांचे ठसे. खूप. एकाच उंचीवर, एकाशेजारी एक, पूर्ण कडेभर.

त्यातला एक हात लहान मुलाएवढा होता. कोहेईच्या करंगळीला टोक नाही, लेथवर गेलं होतं, माझ्याच वर्गात. तसा एक ठसा शोधला. होता. डाव्या कोपऱ्यात. बाकीच्यांच्या मधे दाटीने.

बटण दाबलं. इंजिन बंद झालं. तोंडातून वाक्य नाही आलं. त्याचं नाव आलं.

गोइचि पळत वर गेला.

२९ ऑक्टोबर, गुरुवार

सकाळपासून भुरभुर पाऊस. गारठा. कपाटातून केरोसीनचा स्टोव्ह काढून पेटवला.

सुमिएचा फोन लागत नाही. निघाली असेल. रात्री पलीकडच्या किनाऱ्यावर बंदराच्या गावात राहील, सकाळची बोट.

इंधनाची नळी काढून घरात आणली. टाकीही आणली. दोन्ही माझ्यासमोर आहेत. प्लग काढले, तेही आणले. आता ते सुरू होऊच शकत नाही.

तात्सु आजी बाहेरूनच म्हणाली, मास्तर, दार लावून घ्या आणि काही झालं तरी ओ देऊ नका. आज जेवण आणलं नाही. म्हणाली, किती जणांचं वाढू?

दुपार

सुरू आहे.

नळी इथे आहे. प्लग इथे, टेबलावर. ऐकतो आहे. न्यूट्रलवर. अडखळत नाही. एकही ठोका चुकत नाही. इतकं सुंदर चाललेलं इंजिन मी आयुष्यात —

दोन्ही सिलिंडर काम करत आहेत.

अजून म्हणता येईल. खिडकी उघडून ओरडलो तरी ऐकू जाईल. आता आम्ही — सुमिएसाठी तरी. एवढंच वाक्य. लिहून बघतो. आता आम्ही वाट

नाही.

संध्याकाळ व्हायच्या आधी

थांबलं.

मी नाही थांबवलं.

होडी वर आली आहे. खिडकीतून दिसते. हलकी, रिकामी, दोरीला हेलकावते आहे. मागचं भोक कोरडं.

पायऱ्यांवर आवाज. ओल्या पायांचा. एकाचा नाही. पुष्कळ जण, सावकाश, एकमेकांना जागा देत. सगळ्यांच्या पुढे जो आहे तो दर पायरीला डावा पाय आधी टाकतो. कोहेई तसाच —

दार वाजवत नाहीत. उभे आहेत.

कडी काढून ठेवली. अंग गार पडलं असेल त्याचं. स्टोव्हची वात जरा वर करतो, म्हणजे आत आल्या आल्या